रात्र मोजणारे झाड

नोव्हेंबर संपत आला की जर्मनीतल्या झाडून सगळ्या सुपरमार्केटांच्या दाराशी लाल कुंड्यांची रांग लागते. आडव्हेंटच्या मेणबत्त्या, लेबकूखन आणि त्यांच्या शेजारी हे ‘वाइनाख्ट्सश्टेर्न’, म्हणजे नाताळचा तारा. ऑफिसच्या स्वागतकक्षात, दातांच्या डॉक्टरांकडे, मुलांच्या शाळेत, शेजारच्या आजींच्या खिडकीत, जिकडे पाहावे तिकडे हेच झाड. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरीही ते एकदा तरी आलेले असते, कोणी भेट दिले म्हणून किंवा स्वस्त दिसले म्हणून. जानेवारीत त्याची पाने गळू लागतात आणि नाताळच्या सुकलेल्या झाडाबरोबर तेही कचऱ्यात जाते. एखाद्याने जिवापाड जपलेच, तर पुढच्या डिसेंबरात ते हिरवेगार राहते. लाल व्हायचे नावच घेत नाही.

हे झाड म्हणजे आपला पॉइन्सेटियाच. पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात, पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यांवर पुरुषभर उंचीची त्याची झुडपे थंडीत लालभडक झालेली आपण पाहिली आहेत. तिकडे त्याला कोणी खोक्यात घालून ठेवत नाही आणि खतपाण्याचे फारसे लाडही करत नाही. तरी ते दर वर्षी बिनचूक वेळेवर रंगते. मग इथे, इतक्या निगुतीने सांभाळूनही, ते का रुसते? याचे उत्तर थंडीत नाही, खतात नाही आणि पाण्यातही नाही. ते आहे आपल्या दिवाणखान्यातल्या दिव्यात. पण उत्तराकडे जाण्याआधी पाहुण्यांची थोडी ओळख करून घेऊ.

पुण्याच्या अक्षांशावरचा पाहुणा

पॉइन्सेटिया मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या पॅसिफिक बाजूच्या डोंगरउतारांवर तो रानात वाढतो. त्याच्या इतिहासात तास्को या चांदीच्या खाणींच्या गावाचे नाव वारंवार येते. नकाशा काढून तास्कोचा अक्षांश पाहिला तर तो साडेअठरा अंश उत्तर निघतो. पुण्याचाही साडेअठराच! म्हणजे बर्फाच्या चित्रांशेजारी विकले जाणारे हे झाड पुण्याच्या अक्षांशावरचे आहे. तास्को आणि पुणे यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी असली, तरी दोन्हीकडे दिवस आणि रात्र सारख्याच लांबीचे असतात. आपल्याकडे या झाडाला आपले घड्याळ बदलावेच लागले नाही, म्हणून ते इतके सहज रुजले.

मेक्सिकोतले नाहुआत्ल बोलणारे लोक त्याला ‘क्वेत्लाशोचित्ल’ म्हणत. त्याच्या लाल पानांपासून रंग काढत आणि चिकाचा औषधात उपयोग करत. स्पॅनिश लोक आल्यावर, ऐन नाताळात रंगणारे झाड म्हणून धर्मगुरूंनी ते उत्सवाच्या सजावटीत घेतले. मेक्सिकोत आजही त्याला ‘नोचेबुएना’, म्हणजे नाताळची पूर्वरात्र, असे नाव आहे.

ज्याला आपण फूल म्हणतो ते मुळात फूल नव्हेच. ती लाल ‘पाकळी’ म्हणजे रंगलेले पान आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला छद म्हणतात. बोगनवेलीची रंगीत ‘फुले’ म्हणजेही छदेच. पॉइन्सेटियाची खरी फुले मधोमध असतात: वाटाण्याएवढे हिरवे-पिवळे पेले, त्यांच्या कडेला मधाचा एकेक पिवळा ओठ. ती इतकी बेताची दिसतात, की किड्यापाखरांना आमंत्रण देण्याचे काम पानांनीच अंगावर घेतले आहे. पान तोडले तर पांढरा चीक येतो. त्यावरून कुळाची ओळख पटते. आपल्या कुंपणाचा शेर याच्या सख्ख्या प्रजातीतला, आणि एरंडही याच कुळातला, थोडा दूरचा नातलग.

नाव बर्लिनचे, नाव वकिलातीचे

या झाडाचे शास्त्रीय नाव जर्मनीत ठरले, हे इथे राहणाऱ्या आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट आणि एमे बाँप्लां हे १८०३-०४ साली मेक्सिकोत होते. त्यांनी गोळा केलेल्या वनस्पतींचे अनेक नमुने बर्लिनला कार्ल लुडविग विल्डेनोव यांच्याकडे आले. विल्डेनोव हे तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख. त्यांनी या झाडासाठी ‘पुल्चेरिमा’, म्हणजे ‘सर्वांत सुंदर’, हे विशेषण योजले. १८१२ मध्ये ते वारले. पुढे १८३४ साली बर्लिनच्याच क्लोट्श यांनी ‘युफोर्बिया पुल्चेरिमा’ हे नाव छापून प्रसिद्ध केले आणि शास्त्रात तेच टिकले.

इंग्रजी नावाची कथा वेगळी आहे. जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट हे दक्षिण कॅरोलायनाचे राजकारणी १८२५ मध्ये अमेरिकेचे पहिले राजदूत म्हणून मेक्सिकोत गेले. वनस्पतींचा त्यांना नाद होता. त्यांच्यामार्फत हे झाड अमेरिकेत पोहोचले आणि १८२९ साली फिलाडेल्फियाच्या पुष्पप्रदर्शनात मांडले गेले. तिथून ते स्कॉटलंडला गेले. एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रॅहॅम यांनी १८३६ मध्ये त्याला पॉइन्सेट यांचे नाव दिले. मेक्सिकोत मात्र या गृहस्थांची आठवण फारशी गोड नाही. त्यांनी तिथल्या राजकारणात इतकी ढवळाढवळ केली, की परक्याच्या उद्दाम लुडबुडीला ‘पॉइन्सेटिस्मो’ असा शब्दच रूढ झाला. पुढे १८३७ ते १८४१ या काळात ते अमेरिकेचे युद्धमंत्री होते आणि चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावून लावण्याची क्रूर मोहीम त्याच काळातली. ज्यांनी हे झाड शतकानुशतके लावले आणि जोपासले त्यांचे नाव मागे पडले, आणि राजदूताचे जगभर झाले. तुर्की शेजाऱ्यांना विचाराल तर ते याला ‘आतातुर्कचे फूल’ म्हणतील. एकच झाड, पण प्रत्येकाने आपापल्या दैवताच्या नावाने ओवाळले आहे!

पंचांगातले दिनमान

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या पंचांगात रोजच्या तिथीबरोबर ‘दिनमान’ही दिलेले असते, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ. वनस्पतींनाही दिनमान कळते, हे शास्त्रीय प्रयोगांनी दाखवले ते १९२० साली, अमेरिकेच्या शेती खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता. तो उन्हाळाभर वाढतच जाई, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र आपसूक फुले. या दोघांनी ऊन, पाणी, खत, तापमान सगळे पडताळून पाहिले. शेवटी ऐन उन्हाळ्यात झाडे दुपारी उशिरा अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायची आणि सकाळी बाहेर काढायची, असा क्रम ठेवला. झाडे फुलली! दिवस लहान होणे हीच त्यांची खूण होती. अशा झाडांना लघुदिन वनस्पती म्हणतात. शेवंती त्यांतली, आणि पॉइन्सेटियाही.

पण ‘लघुदिन’ हे नाव जरा फसवे आहे. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग केले. लांबलचक रात्रीच्या मध्येच काही मिनिटे दिवा लावला, तर दिवस कितीही लहान असला तरी झाड फुलेना. उलट दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला त्याचे काहीच वाटेना. याचा अर्थ झाड दिवस मोजत नाही, ते रात्र मोजते. आणि तीही अखंड रात्र.

आम्हा संगणकवाल्यांना हे लगेच पटते. समजा, एक टाइमर आहे. अंधार पडला की तो चालू होतो, ठरावीक आकडा गाठला की ‘आज रात्र पुरेशी मोठी होती’ अशी नोंद करतो, आणि मध्ये उजेड पडला की पुन्हा शून्यावर जातो. दहा तास मोजून झाल्यावर कोणी पाच मिनिटे दिवा लावला, तर ते दहा तास वाया. उजेड ओळखणारा भाग म्हणजे पानांतले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य. त्याच्या दोन अवस्था असतात. तांबड्या प्रकाशाने ते एका अवस्थेत जाते, आणि त्याहून गडद, जेमतेम दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाने परत येते. १९५९ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत ते प्रत्यक्ष हाती लागले.

टाइमरची उपमा इथवर ठीक आहे. प्रत्यक्षात व्यवस्था याहून सरस आहे. झाडाच्या आत सुमारे चोवीस तासांचे स्वतःचे घड्याळ चालू असते, आणि रात्रीची लांबी झाड या घड्याळाशी ताडून पाहते. ही कल्पना १९३६ साली मांडली ती एर्विन ब्युनिंग या जर्मन शास्त्रज्ञाने. जन्म हाम्बुर्गचा, आणि पुढची बहुतेक कारकीर्द ट्युबिंगन विद्यापीठात. घेवड्याची पाने रात्री मिटतात आणि सकाळी उघडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यासले. झाडाच्या पोटात घड्याळ, ही गोष्ट त्या काळी अनेकांना हास्यास्पद वाटली. आज जैविक घड्याळ हे एक मोठे शास्त्र झाले आहे आणि ब्युनिंग त्याच्या आद्य प्रवर्तकांत गणले जातात.

पॉइन्सेटियाचा हिशेब साधारण असा: अखंड रात्र बारा तासांच्या आसपास गेली की शेंड्यांवर फुलांच्या कळ्या धरू लागतात, आणि आठ-दहा आठवडे लांब रात्री मिळाल्या की छदे पूर्ण रंगतात. पुण्यात हा टप्पा सप्टेंबरअखेर येतो. तिथून आठ-दहा आठवडे मोजले की डिसेंबर लागतो. तास्कोतही तेच, म्हणूनच ते ‘नोचेबुएना’ ठरले.

जर्मनीत पाहा. विषुवदिनाच्या सुमारास सगळ्या जगात दिवस-रात्र जवळजवळ सारखी असतात, त्यामुळे इथेही तो टप्पा सप्टेंबरअखेरच येतो. पुढे तर इथल्या रात्री पुण्याच्या कितीतरी पुढे जातात. डिसेंबरात पुण्याची सर्वांत मोठी रात्र तेरा तासांची, म्युनिकची साडेपंधराहून थोडी अधिक आणि हाम्बुर्गची साडेसोळा. झाडाला याहून अधिक काय हवे? पण नेमक्या त्याच काळात आपण चार-पाच वाजता दिवे लावतो आणि अकराला मालवतो. खिडकीबाहेर लांब रात्र असते, आणि झाडाच्या दृष्टीने आपल्या दिवाणखान्यात जून महिना चालू असतो!

काचघरातली करामत

हेच गणित वापरून उत्पादक झाडे बरोबर वेळेवर रंगवतात. युरोपातील बरीचशी रोपे पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या फाट्यांपासून तयार होतात. तिथे विषुववृत्ताजवळ बाराही महिने रात्र सुमारे बारा तासांची, म्हणून मातृझाडे फुलू नयेत यासाठी रात्री दिवे लावावे लागतात. उन्हाळ्यात हे फाटे विमानाने येतात आणि नीडरऱ्हाइनसारख्या भागांतल्या काचघरांत कुंड्यांत वाढतात. शेंडे खुडून त्यांना फांद्या फोडतात. सप्टेंबरअखेरपासून रात्र आपले काम करते, हवे तिथे काळे पडदे ओढून ती लवकर आणली जाते. उष्ण प्रदेशातले झाड, म्हणून काचघर तापवावे लागते. २०२२ साली गॅसचे भाव भडकले, तेव्हा हा खर्च उत्पादकांना चांगलाच जड गेला होता.

कुंडीत मावणाऱ्या या ठेंगण्या, भरगच्च झाडामागे आणखी एक जर्मन धागा आहे. आल्बर्ट एके हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतून कॅलिफोर्नियात स्थलांतरित झाले. पॉइन्सेटियाची लागवड करून त्यांच्या घराण्याने ती फुले लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर विकली. पुढे तीन पिढ्यांनी या झाडाचा जागतिक व्यापार उभा केला. त्यांची झाडे इतरांच्या झाडांपेक्षा दाट असत. इतरांची सोटासारखी उंच वाढत, यांची फांद्यांनी भरून जात. कलम बांधण्याची ती युक्ती घराण्याने दशकानुदशके गुप्त ठेवली होती.

गुपित उघडे झाले तेव्हा वैज्ञानिकांनाही नवल वाटले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले, की झाडाला भरपूर फांद्या फुटतात त्या फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जंतूमुळे. कलम बांधताना हा जंतू एका झाडातून दुसऱ्यात जातो. ज्यांचे घर शेतीचे आहे त्यांना वांग्यावरचा पर्णगुच्छ रोग माहीत असेल. पाने बारीक होऊन गुच्छ होतात, फळ धरत नाही आणि झाड उपटून टाकावे लागते. तोही फायटोप्लाझ्माचाच प्रताप. जो जंतू वांग्याच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतो, त्याच्याच जातभाईच्या जिवावर नाताळची ही बाजारपेठ उभी आहे. आपल्या खिडकीतले सुबक झाड वैद्यकीय भाषेत आजारी आहे! या आजाराने त्याचे काही बिघडत नाही, इतकेच.

विषारी आहे का हो?

घरात लहान मूल असले की हा प्रश्न हमखास येतो. पॉइन्सेटिया प्राणघातक आहे, ही समजूत अमेरिकेत शंभर वर्षे चालत आली. १९९६ साली तिथल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या २२,७९३ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत एकही मृत्यू नव्हता, आणि ९२ टक्क्यांहून अधिक जणांना काहीही त्रास झाला नव्हता. तरी चीक तो चीकच. त्वचेला खाज येऊ शकते, पान चावले तर तोंड चुरचुरते, पोट बिघडते. रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी जपून राहावे. रांगते मूल, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवावी, आणि मुलाने खाल्लेच तर इथल्या ‘गिफ्टनोटरूफ’ला फोन करून विचारावे. घाबरून जाण्याचे कारण नाही.

दुसऱ्या वर्षी लाल कसे करावे

विकत घेतानाच थोडे पाहावे. मधली पिवळी-हिरवी फुले घट्ट आणि शाबूत असली तर झाड ताजे. ती गळून गेली असतील तर ते फार दिवस टिकणार नाही. दुकानाच्या दाराशी गारठ्यात ठेवलेले झाड घेऊ नये, आणि घरी आणताना ते कागदात गुंडाळावे. दहा अंशांखालचा गारठा थोडा वेळ लागला तरी चार दिवसांनी पाने गळतात, आणि दोष मात्र आपल्या पाण्याला दिला जातो. इथल्या शिस्तीप्रमाणे सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडून हवा खेळवताना कुंडी बाजूला सरकवावी. पाणी बेताने आणि कोमट घालावे. बशीत पाणी साठू देऊ नये, कारण थंडीपेक्षाही अधिक झाडे अतिपाण्याने मरतात.

पुढचे वर्षभराचे वेळापत्रक मी आपल्या सणांवर बसवले आहे, म्हणजे लक्षात राहते.

होळीच्या सुमारास झाडाची छाटणी करावी. प्रत्येक फांदी वीतभर ठेवून बाकीची कापावी आणि झाड नव्या मातीत लावावे. हातमोजे घालावेत. झाड बोडके दिसेल, पण काळजी नको, महिन्याभरात पालवी फुटते.

मेच्या मध्यावर इथले ‘आइसहायलिगे’, म्हणजे उशिराच्या गारठ्याचे दिवस, उलटले की कुंडी बाल्कनीत अर्धवट उन्हात ठेवावी. उन्हाळाभर पाणी आणि खत द्यावे. शेंडे एकदोनदा खुडावेत.

गणपतीनंतर, रात्री बारा-पंधरा अंशांखाली जाऊ लागल्या की, झाड घरात घ्यावे.

घट बसले की रात्र सुरू करावी. घटस्थापना सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते, आणि झाडाचा मुहूर्तही तोच आहे. तिथून आठ-दहा आठवडे रोज संध्याकाळी पाच-सहापासून सकाळी सात-आठपर्यंत झाडाला पूर्ण अंधार हवा. पुठ्ठ्याचे खोके किंवा उलटी बादली झाकली तरी चालते. पण रोजची ही कवायत टाळण्याचा सोपा मार्ग आहे: संध्याकाळी दिवा लागत नाही अशी खोली. पाहुण्यांची खोली, दक्षिणेकडची खिडकी, रात्री बंद दार. दिवसा जर्मनीचे जेवढे म्हणून ऊन मिळेल तेवढे, आणि रात्री निसर्गाचीच रात्र. रस्त्यावरचा दिवा खिडकीत येत असेल तर पडदा ओढावा. आमच्या घरी गेली काही वर्षे हाच क्रम चालू आहे आणि खोक्याची गरज पडलेली नाही. तापमान अठरा-वीस अंश असावे.

एक अडचण राहते ती दिवाळीची. ती नेमकी या अंधाराच्या आठवड्यांत येते. आकाशकंदील, दिव्यांच्या माळा, पाहुण्यांची ये-जा. त्या दिवसांत त्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावावी आणि मुलांना राखणदार नेमावे. झाडाला अंधार कशाला लागतो, हे समजलेले मूल दिवा लावू देत नाही, आई-वडिलांनाही नाही.

डिसेंबर लागता लागता शेंड्यांची नवी पाने कडेने तांबूस होतात. छदे दुकानातल्याइतकी मोठी कदाचित होणार नाहीत. इथल्या हिवाळ्यात प्रकाश अपुरा पडतो, त्याला इलाज नाही. पण एकदा रंग चढला की मग दिव्याची अडचण उरत नाही. झाड खुशाल दिवाणखान्यात आणावे आणि चार लोकांना दाखवावे. तेव्हा यंदाच्या जानेवारीत पाने गळू लागली, तर कुंडी कचऱ्यात टाकण्याआधी एवढे करा: नव्या कॅलेंडरवर घटस्थापनेच्या तारखेपुढे ‘झाड’ असे लिहून ठेवा.